प्रवासाची बांधाबांध

गोंदिया शहराच्या अगदीं लगत मुर्री नांवाचें गांव आहे. तेथील एका घरांत उन्हाळ्याच्या सुट्टींत कोल्हापूरला जाण्याचा बेत दरवर्षीं ठरतो. कारण घरच्या सूनबाईंचें माहेर त्या बाजूचें. जाण्याची सोयहि सुरेख आहे. महाराष्ट्र एक्सप्रेस सकाळीं गोंदियाहून सुटते आणि नागपूर, अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणें, मिरज अशी सबंध राज्याला वळसा घालीत दुसऱ्या दिवशीं दुपारच्या सुमारास कोल्हापूरला पोहोंचते. एकाच राज्यांत तेराशे किलोमीटरांहून अधिक धांवणारी ही गाडी. तींत एकदां बसलें कीं मध्यें उतरणें नाहीं, गाडी बदलणें नाहीं, हमालाशीं हुज्जत नाहीं. इतकें सुख असूनहि प्रवासाची आदली रात्र त्या घराला कित्येक वर्षें एखाद्या संकटासारखी वाटत असे, आणि त्या संकटाचें कारण होतें एक सूटकेस.

रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं पलंगावर सूटकेस उघडून ठेवली जाई आणि घरांतील प्रत्येक जण आपापल्या वस्तू तिच्याभोंवतीं आणून टाकी. मुलांचीं खेळणीं, गृहस्थांचे इस्त्रीचे सदरे, आजोबांची शाल, माहेरीं न्यावयाचे नवे तांदूळ, लोणच्याची बरणी, पन्हाळ्यावर गारठा असला तर म्हणून चार स्वेटर, वळवाचा पाऊस आलाच तर म्हणून दोन छत्र्या. “असूं दे, उपयोगीं पडेल,” हें वाक्य त्या रात्रीं निदान वीस वेळां उच्चारलें जाई. वस्तू आणून टाकणारे हात पुष्कळ. त्या नीट ठेवणारे हात मात्र दोनच. बाकीची मंडळी निजावयास जात, आणि सूनबाई रात्रीं एक वाजेपर्यंत एकट्याच सूटकेस भरीत, पुन्हां उपशीत, पुन्हां भरीत. पहांटे उठून वाटेसाठीं दशम्या करावयाच्या असतच. याचा परिणाम असा होई कीं, गाडींत बसल्यावर तिरोडा स्टेशन येण्यापूर्वींच त्यांचा डोळा लागे, आणि वैनगंगेचा पूल केव्हां येऊन गेला तें त्यांना कधींच कळत नसे.

एका वर्षीं या रिवाजाचें फळ पदरांत पडलें. त्या खेपेला लहानमोठे मिळून पांच नग झाले होते. पुलगांव मागें पडलें, दुपारचीं जेवणें झालीं आणि आजोबांनीं रक्तदाबाची गोळी मागितली. एकेक करून पांचहि नग उघडले गेले. चार स्वेटर निघाले, दोन छत्र्या निघाल्या, मुलांचा पत्त्यांचा जोडहि निघाला; गोळ्या निघाल्या नाहींत. त्या घरीं फडताळांत राहिल्या होत्या, आणि डॉक्टरांची चिठ्ठीहि त्यांच्याच शेजारीं. गोळीचें नांव कोणालाच आठवेना. शेवटीं शेजाऱ्यांकडे ठेवलेल्या किल्लीनें घर उघडविण्यांत आलें, चिठ्ठीचें छायाचित्र मोबाइलवर आलें, तें अकोल्याच्या एका आप्तांकडे गेलें, आणि गाडी अकोल्याला उभी राहतांच त्यांनीं खिडकीशीं येऊन गोळ्यांची पुडी हातांत दिली. वेळ निभावली. परंतु त्या दोन-अडीच तासांत सूनबाईंच्या डोळ्यांचें पाणी खळलें नव्हतें. आपल्या हातून केवढा अपराध घडला, हेंच त्या पुन्हां पुन्हां म्हणत होत्या. तेव्हां आजोबा म्हणाले, “सूनबाई, चूक तुझी नव्हे. पांच जणांची आठवण एकटीच्या डोक्यावर टाकली, ती आमची चूक.”

आजोबांच्या या बोलण्यांत बांधाबांधीचें अर्धें शास्त्र आलें. सूटकेस भरणें हें अंगमेहनतीचें काम फारसें नाहीं. कपड्यांच्या दहाबारा घड्या एका पेटींत ठेवावयास अर्धा तास पुरतो. मनुष्य थकतो तो ठेवण्यानें नव्हे, ठरविण्यानें. हें घ्यावें कीं न घ्यावें, घेतलें नाहीं तर काय होईल, तेथें मिळेल किंवा नाहीं, असे शेंदोनशें लहान निर्णय एका रात्रींत, झोपेनें डोळे जड झालेले असतां, आणि तेहि पांच माणसांच्या वतीनें घ्यावयाचे असतात. त्यांतील निम्मे तसेच अधांतरीं राहतात, आणि अधांतरीं राहिलेलें काम मनाला स्वस्थ बसूं देत नाहीं.

मानसशास्त्रांत या गोष्टीचा विचार झालेला आहे. ब्लूमा झायगार्निक या विदुषीनें १९२७ सालीं बर्लिन येथील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पुऱ्या झालेल्या कामांपेक्षां मध्येंच तोडलेलीं कामें माणसांच्या अधिक लक्षांत राहतात, असें तिला आढळलें. मागाहून इतरांनीं केलेल्या प्रयोगांत हा परिणाम दरवेळीं तसाच दिसला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. तथापि २०११ मध्यें मेसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोन अमेरिकन संशोधकांनीं आणखी एक उपयुक्त गोष्ट दाखविली. अपुरें काम मनांत मधून मधून डोकावतें आणि दुसऱ्या कामांत व्यत्यय आणतें खरें. पण तें काम केव्हां व कसें करावयाचें याची निश्चित योजना आंखली, कीं काम प्रत्यक्ष होण्यापूर्वींच तें डोकावणें पुष्कळसें थांबतें. मनाला काम उरकल्याचा आग्रह नसतो. त्याची व्यवस्था लागल्याची खात्री मात्र हवी असते. ही खात्री देणारें सर्वांत स्वस्त साधन म्हणजे कागदावर लिहिलेली यादी.

यादी म्हटली कीं कित्येकांना ती विसराळू माणसाची काठी वाटते. पण मोठमोठ्या जाणकारांनीं ती आनंदानें हातीं घेतलेली आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं अमेरिकेंत डेटन येथील राइट फील्ड या विमानतळावर बोइंग कंपनीचें नवें चार इंजिनांचें विमान लष्करी अधिकाऱ्यांपुढें उडविण्यांत आलें. विमान वर चढलें आणि लगेच कोसळलें. त्यांत दोघांचा प्राण गेला. वैमानिक नवशिका नव्हता. मोठा अनुभवी होता. उभ्या विमानाचीं सुकाणूं वाऱ्यानें हलूं नयेत म्हणून जी अडसर लावलेली असते, ती काढावयाची राहून गेली होती. यावर लष्करी वैमानिकांनीं उपाय काढला तो अधिक शिक्षणाचा नव्हे, तर एका लहानशा कार्डाचा. उड्डाणापूर्वीं कोणकोणत्या गोष्टी पाहावयाच्या, तें त्या कार्डावर क्रमानें लिहिलेलें असे. हेंच विमान पुढें बी-सतरा या नांवानें दुसऱ्या महायुद्धांत प्रसिद्धीस आलें.

या कार्डाची महती अलीकडे जगाला पुन्हां पटवून देणाऱ्या शस्त्रवैद्याचा विदर्भाशीं संबंध आहे. डॉ. अतुल गावंडे अमेरिकेंत वाढले, पण त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यांतील उमरखेडजवळच्या उटी या गांवचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीनें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शस्त्रक्रियेसाठीं १९ बाबींची एक यादी तयार केली आणि आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. या शहरांत दिल्लीहि होती. २००९ च्या जानेवारींत प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा दीडवरून ०.८ वर आलें, आणि मोठ्या गुंतागुंतींचें प्रमाण शेंकडा ११ वरून ७ वर आलें. ज्या यादीनें शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणसें वांचतात, ती मुर्रीच्या पलंगावर कमीपणा आणील, असें मानण्याचें कारण नाहीं.

मात्र यादी कशाची करावी, याला महत्त्व आहे. सगळ्या वस्तूंची शंभर ओळींची यादी केली, तर ती दुसरी सूटकेसच होऊन बसते. वैमानिकाचें कार्ड लहान असतें, कारण जी गोष्ट विसरली असतां अनर्थ होतो तेवढीच त्यावर लिहिलेली असते. प्रवाशानेंहि हाच विवेक करावा. प्रत्येक वस्तु हातांत घेऊन एकच प्रश्न विचारावा: ही विसरली, तर जेथें जावयाचें तेथें ती तासाभरांत विकत मिळेल काय? उत्तर ‘होय’ असेल, तर तिच्यासाठीं झोपमोड करण्याचें कारण नाहीं. दांत घासण्याचा ब्रश, साबण, तेल, रुमाल, छत्री, मुलांची वही-पेन्सिल या वस्तू कोल्हापुरांतहि मिळतात, आणि वाटेंतील लहानशा गांवांतहि मिळतात. उत्तर ‘नाहीं’ असेल, ती वस्तु यादींत पहिल्या ओळींत जावी.

हा प्रश्न विचारीत गेलें म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. ‘नाहीं’ या सदरांत येणाऱ्या वस्तू फारच थोड्या असतात. रोजचीं औषधें आणि डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, तिकीट आणि अस्सल ओळखपत्र, किल्ल्या, पैसे, मोबाइल आणि त्याचा चार्जर. एवढ्याचा गठ्ठा एका लहान पिशवींत मावतो. ही पिशवी सूटकेसमध्यें ठेवूं नये. ती खांद्याला असावी, म्हणजे सामान इकडेतिकडे झालें तरी प्रवास थांबत नाहीं. औषधें प्रवासाच्या दिवसांपेक्षां चार-पांच दिवसांचीं अधिक घ्यावींत. ज्यांना इन्शुलिन टोंचून घ्यावें लागतें, त्यांनीं विदर्भांतील मे महिना विसरूं नये. पारा ४५ अंशांकडे झुकत असतां उन्हांत तापलेल्या डब्यांतील बंद सूटकेस ही त्या औषधाची जागा नव्हे. तें थंडावा राखणाऱ्या पिशवींत जवळ ठेवावें, पण बर्फाला चिकटवून ठेवूं नये. गोठलेलें इन्शुलिन निरुपयोगी होतें.

आतां ओझ्याचा विचार. रेल्वेनें शयनयानाच्या प्रवाशाला ४० किलो आणि साध्या दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला ३५ किलो सामान फुकट नेण्याची मुभा दिलेली आहे. पांच माणसांच्या कुटुंबाला हा आंकडा ऐकून मोठा धीर येतो. पण रेल्वे काय नेऊं देते आणि मनुष्याचा खांदा काय सोसतो, यांत फार अंतर आहे. पूर्वींच्या काळीं लोखंडी ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि फराळाचा डबा एवढा सरंजाम घेऊन कुटुंबें निघत. कारण पोहोंचल्यावर अंथरूण मिळेल कीं नाहीं, वाटेंत पाणी मिळेल कीं नाहीं, याची खात्री नसे. शिवाय तो सरंजाम उचलावयास हमाल असे. आज अंथरूण मिळतें, पाणी मिळतें, आणि हमाल दरवेळीं मिळतोच असें नाहीं. गरजा बदलल्या, पण ‘असूं दे’ म्हणण्याची संवय तेवढी ट्रंकेंतून सूटकेसमध्यें उतरली.

सूटकेसला चाकें आलीं, त्यामुळें ही संवय आणखी बळावली. मनुष्य चंद्रावर उतरला १९६९ मध्यें. सामानाच्या पेटीला चाकें लावण्याचें पेटंट अमेरिकेंतील बर्नार्ड सॅडो यांना मिळालें तें १९७२ मध्यें. आज सर्वत्र दिसणारी, उभी ओढावयाची, लांब दांड्याची बॅग रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानें १९८७ मध्यें काढली. सपाट जमिनीवर हीं चाकें मोठीं गुणी आहेत. परंतु स्टेशनांतील पुलाच्या पायऱ्या आल्या कीं तीं स्वस्थ बसतात, आणि भरलेलें सगळें वजन एकाएकीं मनगटावर येतें. म्हणून घर सोडण्यापूर्वीं एक सोपी परीक्षा करावी. ज्याची पेटी त्यानें ती स्वतः उचलून घराचा जिना एकदां चढावा आणि एकदां उतरावा. धाप लागली, तर पेटी पुन्हां उघडावी आणि ‘असूं दे’ म्हणून ठेवलेलें काढून घ्यावें.

पेटी भरण्याच्याहि दोन-चार युक्त्या आहेत. जड वस्तू चाकांच्या बाजूला ठेवाव्यात, म्हणजे उभी केलेली बॅग तोंडघशीं पडत नाहीं. रोजच्या वापराच्या कपड्यांची चपटी घडी न घालतां घट्ट गुंडाळी करावी. जागा वांचते आणि हवा तो कपडा बाकीचे न विसकटतां काढतां येतो. पायमोजे जोड्यांच्या पोटांत जातात. तेल, लोणचें, काकवी यांसारख्या वस्तू वेगळ्या पिशवींत बांधून कपड्यांपासून दूर ठेवाव्यात. पेटीच्या आंत कागदावर आपलें नांव व फोन क्रमांक लिहून ठेवावा. बाहेरची चिठ्ठी फाटली तरी आंतली राहते. आणि पेटीचा चौथा हिस्सा रिकामा सोडावा. ज्याला परत यावयाचें आहे, त्याच्या सामानांत येतांना भरच पडत असते.

मराठी माणसाला हा विवेक परका नाहीं. महाराष्ट्र एक्सप्रेस बडनेऱ्यावरून जाते, ती ज्यांच्या मुलुखांतून, त्या गाडगे महाराजांचें सामान सर्वांना ठाऊक आहे. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें १८७६ मध्यें जन्मलेला हा सत्पुरुष १९५६ पर्यंत सबंध महाराष्ट्र फिरला तो एक गाडगें आणि एक खराटा घेऊन. गाडग्यांत अन्न घ्यावें, खराट्यानें गांव झाडावें. दोन्ही वस्तू रोज कामाच्या, आणि तिसरी लागतच नव्हती. संसारी माणसाला इतकें साधणार नाहीं, साधावें असेंहि नाहीं. पण आपल्या पेटींतील कोणती वस्तु गाडगें आणि कोणती नुसती अडगळ, हें ओळखावयास त्याला हरकत नसावी.

दुसरें उदाहरण विष्णुभट गोडसे यांचें. दक्षिणेच्या आशेनें हे गृहस्थ १८५७ मध्यें कोंकणांतील वरसईहून उत्तरेकडे निघाले, आणि बंडाच्या धुमाळींत सांपडले. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें, जिवावरचे प्रसंग आले. घरीं परतले तेव्हां जवळ राहिली होती गंगेची कावड. तिच्यांतील पाण्यानें त्यांनीं आईवडिलांना स्नान घातलें. १९०७ मध्यें छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकाच्या वाचकाला त्यांच्या सामानाची आठवण राहत नाहीं, कावडीची राहते. प्रवासाला निघतांना काय काय होतें, यापेक्षां कशासाठीं निघालों तें हरवलें नाहीं ना, हें अखेर मोजलें जातें.

मुर्रीच्या घरांतील सुट्टी कशासाठीं होती? सूनबाईंना माहेर दिसावें, मुलांना पन्हाळ्याचा वारा लागावा, आजोबांना नातवंडांबरोबर खिडकींत बसावयास मिळावें, यासाठीं होती. पण ज्या बाईचें माहेर, तीच बाई दोन दिवसांच्या थकव्यानें अर्धी होऊन तेथें पोहोंचत असे. ही गोष्ट घरांतील कोणाच्याहि वाईट मनामुळें होत नव्हती. बांधाबांध हें तिचेंच काम, असें सर्वांनीं न बोलतां धरून चालल्यामुळें होत होती. अकोल्याच्या त्या प्रसंगानंतर गृहस्थांनीं पुढच्या वर्षीं नवा शिरस्ता घातला. निघण्यापूर्वीं आठ दिवस जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागें एक यादी लिहून भिंतीवर लावण्यांत आली. वर ‘न मिळणाऱ्या’ सात वस्तू; खालीं बाकीच्या. प्रत्येक ओळीपुढें त्या वस्तूची जबाबदारी घेणाऱ्याचें नांव. आजोबांच्या गोळ्यांपुढें आजोबांनीं स्वतःचेंच नांव लिहिलें. मुलांनीं आपापली पिशवी आपण भरावयाची आणि आपणच उचलावयाची. कोणी दुसऱ्याच्या पेटींत कांहीं आणून टाकावयाचें नाहीं. निघण्याच्या आदल्या रात्रीं नऊ वाजतां सर्व पेट्यांचीं झांकणें लागावयाचीं, आणि त्यानंतर आठवलेली वस्तु ‘न मिळणारी’ नसेल तर ती विसरलीच असें समजावयाचें.

पहिल्या वर्षीं सर्व सुरळीत झालें असें नाहीं. धाकट्या मुलानें पिशवींत गोट्या भरल्या आणि दांत घासण्याचा ब्रश घरीं ठेवला. सूनबाईंना तें आदल्या रात्रींच दिसलें होतें. हात पुढें झाला होता, पण त्यांनीं तो आंवरला. कोल्हापुरांत उतरल्यावर मुलानें आपल्या खाऊच्या पैशांतून ब्रश विकत घेतला, आणि त्यानंतर तो पुन्हां कधीं विसरला नाहीं. नऊ वर्षांच्या मुलाला चार पैशांची चूक करावयास मोकळीक दिली, तर ती चूक त्याची शिक्षक होते. आईनें ती झांकली, तर तीच पुढें मोठी होऊन कोणा दुसरीच्या डोक्यावर बसते.

त्या वर्षीं नग तीनच झाले. गाडी सुटली, गंगाझरी गेलें, तिरोडा गेलें. आजोबांनीं खिशांतील गोळ्या चांचपून पाहिल्या आणि हंसून मान हालविली. थोड्या वेळानें चाकांचा आवाज एकदम पोकळ झाला. गाडी पुलावर आली होती. खालीं उन्हाळ्यानें आंखडलेली वैनगंगा वाळूच्या रुंद पात्रांतून एका बाजूनें वाहत होती. दहा-बारा वर्षें त्याच वाटेनें जाऊनहि सूनबाईंनीं ती गाडींतून त्या दिवशीं प्रथम पाहिली. मुलांना जवळ घेऊन त्या पूल संपेपर्यंत खिडकीशीं उभ्या होत्या.